बत्तीस बिटांचा ओळखक्रमांक आणि त्यामागचे सीड

स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रँडम जनरेटरला (कोणतेही आकडे काढून देणाऱ्या भागाला) सीड, म्हणजे ज्यावरून तो सुरुवात करतो तो आकडा, देणारी ओळ बहुधा प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला असते, कोणीतरी कधीकाळी लिहिलेली असते आणि त्यानंतर तिच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. कोडेक, बफर, विलंब, बँडविड्थ यांवर आम्ही तासन्‌तास चर्चा करतो, कारण त्यांतली चूक पडद्यावर लगेच दिसते. सीडमधली चूक मात्र कचेरीतल्या टेबलावर, एका कॅमेऱ्यावर आणि एका लॅपटॉपवर, कितीही चाचण्या घेतल्या तरी दिसत नाही. ती दिसायला एकाच जातीची अनेक उपकरणे एकाच वेळी सुरू व्हावी लागतात, आणि तशी वेळ येते ती नेमकी प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी. नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत कीर्तने, व्याख्याने, लग्ने, वार्षिक सभा अशा सगळ्यांचेच थेट प्रक्षेपण होऊ लागले आहे आणि २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे शहरातल्या कॅमेऱ्यांचा विषय आमच्या व्यवसायात रोज निघतो. म्हणून या एका ओळीबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी या सीडवरून निघणारे ओळखक्रमांक कोणते ते पाहू. थेट चित्र आणि आवाज वाहून नेण्यासाठी आजही मोठ्या प्रमाणावर आरटीपी हा प्रोटोकॉल वापरला जातो. त्याचे पहिले प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) १८८९ या क्रमांकाने जानेवारी १९९६ मध्ये आले आणि त्याची जागा घेणारे आरएफसी ३५५० जुलै २००३ मध्ये आले. प्रत्येक आरटीपी पॅकेटच्या (पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याच्या) सुरुवातीला किमान बारा बाइटचे हेडर असते. त्यातले तिसरे आणि चौथे बाइट म्हणजे सोळा बिटांचा अनुक्रमांक, पाच ते आठ हे बाइट म्हणजे बत्तीस बिटांचा टाइमस्टॅम्प आणि शेवटचे चार बाइट म्हणजे एसएसआरसी, अर्थात हे पॅकेट कोणत्या स्रोताचे आहे हे सांगणारा बत्तीस बिटांचा ओळखक्रमांक. हा क्रमांक वाटून देणारे कोणी नाही. त्यासाठी नोंदणी नाही आणि मध्यवर्ती सर्व्हरही नाही. प्रत्येक प्रेषकाने स्वतःच एक आकडा रँडम निवडायचा आणि त्या सत्रात तो दुसऱ्या कोणाचा नसेल असे धरून चालायचे, अशी ही योजना आहे. अनुक्रमांक आणि टाइमस्टॅम्प यांची सुरुवातही शून्यापासून न करता रँडम आकड्यापासून करावी असे प्रमाण सांगते, कारण ती सुरुवात ठाऊक असली की कूटबद्ध केलेले पॅकेट फोडू पाहणाऱ्याला आयताच आधार मिळतो.

योजना साधी असली तरी तिच्यामागचे गणित भक्कम आहे. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ आकडे मावतात. एकाच सत्रात एक हजार स्रोत एकदम सुरू झाले आणि प्रत्येकाने खरोखर रँडम आकडा निवडला, तर त्यांतल्या कोणत्याही दोघांचा आकडा एकच निघण्याची शक्यता दहा हजारांत एक, किंवा त्याहून किंचित जास्त, एवढीच राहते. शंभर स्रोत असतील तर ती दहा लाखांत एकाच्या आसपास येते. इतके करूनही टक्कर झालीच, तर जुना क्रमांक सोडत असल्याचा निरोप आरटीसीपी या आरटीपीच्या जोडीच्या नियंत्रण-प्रोटोकॉलवरून पाठवायचा आणि नवा क्रमांक घ्यायचा, अशीही सोय प्रमाणात आहे.

मात्र हे सगळे गणित, सर्व आकडे निघण्याची शक्यता सारखी आहे, या एका गृहीतकावर उभे आहे. आपण ज्याला रँडम जनरेटर म्हणतो ते बहुतेक वेळा एक निश्चित सूत्र असते. त्याला एक सीड दिले की त्यातून एक ठरावीक मालिका निघते, आणि तेच सीड पुन्हा दिले की तीच मालिका, त्याच क्रमाने, पुन्हा निघते. म्हणजे ओळखक्रमांक बत्तीस बिटांचा आहे की एकशे अठ्ठावीस बिटांचा, याला फारसा अर्थ उरत नाही. सीड किती वेगवेगळ्या किमती घेऊ शकते, तितकेच वेगवेगळे पहिले क्रमांक त्या सॉफ्टवेअरमधून कधीही बाहेर पडू शकतात. सीडच्या शक्य किमती चार असतील, तर क्रमांकही चारच.

चार हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. गंगापूर रोडच्या एका सभागृहात दिवसभराच्या कार्यक्रमासाठी एकाच मॉडेलचे आठ कॅमेरे लावलेले होते. सर्व कॅमेऱ्यांची पॅकेट एका गेटवेकडे (मधल्या दुव्याच्या यंत्राकडे) येत आणि तो ती सगळी एकाच यूडीपी पोर्टवरून, म्हणजे एकाच वाटेने, रेकॉर्डरकडे पाठवत असे. कोणते पॅकेट कोणत्या कॅमेऱ्याचे हे रेकॉर्डर केवळ एसएसआरसी पाहून ठरवत होता. सकाळी सगळे सुरळीत चालले होते. दुपारी लाइट गेली, विजेचा जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागला आणि त्यानंतर तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला: “मॅडम, लाइट आल्यापासून तीन आणि पाच नंबरची चित्रं एकमेकांत शिरताहेत, बाकीच्या काहींचंही तसंच. केबल बदलून बघितली, काहीच फरक नाही.” पडद्यावर वक्त्याच्या खांद्याच्या जागी प्रेक्षकांच्या खुर्च्या दिसत होत्या, क्षणभर चित्र नीट होत होते आणि पुन्हा चौकोनांत फुटत होते.

गेटवेवर पॅकेट पकडून पाहिली तेव्हा कारण समोर आले. दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून येणाऱ्या पॅकेटांत हेडरचे शेवटचे चार बाइट, म्हणजे एसएसआरसी, अगदी सारखे होते. एवढेच नाही, तर दोन्ही स्ट्रीमच्या पहिल्या पॅकेटातले अनुक्रमांकही एकच होते आणि टाइमस्टॅम्पची सुरुवातही एकच होती. तिन्ही आकडे एकाच जनरेटरमधून एकामागोमाग काढलेले असल्यामुळे सीड जुळले की तिन्ही जुळणारच. यामुळे नुकसान आणखी वाढते. नुसता एसएसआरसी जुळला असता, तर अनुक्रमांकातली मोठी तफावत पाहून रेकॉर्डरला काहीतरी बिघडल्याचा संशय तरी आला असता. इथे मात्र त्याला दुसऱ्या कॅमेऱ्याचे पॅकेट ही पहिल्याच पॅकेटची नक्कल वाटली आणि त्याने ते इमानेइतबारे फेकून दिले. पुढे एका कॅमेऱ्यासमोर हालचाल जास्त, दुसऱ्यासमोर कमी, त्यामुळे दोघांची पॅकेटसंख्या वेगवेगळी होत गेली आणि काही पॅकेट नक्कल म्हणून टाकली गेली, तर काही उशिरा आलेली समजून मध्येच घुसवली गेली.

त्या कॅमेऱ्यात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नव्हती. वीज गेली की घड्याळ पुसले जाते आणि वीज आली की ते १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजू लागते. कॅमेऱ्याचा स्ट्रीमिंग प्रोग्राम सीड म्हणून चालू वेळ सेकंदांत घेत होता. फर्मवेअर तेच, हार्डवेअर तेच, त्यामुळे बूट होऊन तो प्रोग्राम सुरू व्हायला प्रत्येक कॅमेऱ्याला जवळजवळ तितकाच वेळ लागणार. म्हणजे सीड बाविसाव्या सेकंदाचे असेल, तेविसाव्या सेकंदाचे असेल किंवा त्यांच्या एक सेकंद मागेपुढे असेल. आठ कॅमेरे आणि चार शक्य किमती. इथे शक्यतेचे गणित मांडण्याचीही गरज नाही, टक्कर अटळ आहे. नेटवर्कवरून खरी वेळ येते ती यानंतर, तोपर्यंत क्रमांक निवडून झालेला असतो. मग सकाळी का बिघडले नाही? कारण सकाळी मांडणी करताना प्रत्येक कॅमेऱ्याची सेटिंग जतन केली गेली होती, तेव्हा प्रोग्राम पुन्हा सुरू झाला होता आणि तोवर घड्याळ बरोबर लागलेले होते. माणसाच्या हाताने एकामागून एक सुरू केलेली उपकरणे आपोआप वेगवेगळ्या सेकंदात सुरू होतात. वीज परत येते तेव्हा ती सर्वांना एकाच क्षणी मिळते.

या प्रकारचा दोष कळला की बहुतेक ठिकाणी पहिली दुरुस्ती होते ती सेकंदांच्या जोडीला मायक्रोसेकंद घेण्याची, आणि त्या दोहोंचा एक्सऑर (बिटागणिक तुलना: सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक) करून सीड बनवण्याची. ही ओळ मी अनेक प्रकल्पांत पाहिली आहे, म्हणून तिचा नीट हिशेब मांडते. मायक्रोसेकंदांचा आकडा शून्य ते ९,९९,९९९ या मर्यादेत असतो, म्हणजे तो वीस बिटांत मावतो. एका ठरावीक सेकंदात सुरू झालेल्या सर्व उपकरणांसाठी सेकंदांचा भाग सारखाच आहे, तेव्हा एक्सऑर केल्यानंतरही शक्य सीडे दहा लाखच राहतात. एका सेकंदात शंभर उपकरणे सुरू झाली तर टक्कर होण्याची शक्यता साधारण दोनशेत एक, आणि एक हजार सुरू झाली तर ती जवळजवळ ३९ टक्के होते. आदर्श बत्तीस बिटांना हेच प्रमाण दहा हजारांत एक होते, हे इथे लक्षात घ्यावे.

यावर काही जण प्रोसेस आयडीचाही (चालू प्रोग्रामला प्रणालीने दिलेल्या क्रमांकाचाही) एक्सऑर करतात आणि आता सीड पुरेसे मिसळले असे समजतात. लिनक्सवर प्रोसेस आयडीची कमाल मर्यादा अनेक प्रणालींवर ३२,७६८ ही असते, म्हणजे पंधरा बिट. ते पंधरा बिट मायक्रोसेकंदांच्या खालच्या पंधरा बिटांवरच जाऊन बसतात, त्यामुळे निकाल पुन्हा त्याच वीस बिटांच्या चौकटीत राहतो आणि शक्य किमती फार तर १०,४८,५७६ होतात. दोन अनिश्चित गोष्टी एकमेकींवर ठेवल्याने त्यांची बेरीज होत नाही. त्या शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. तशा ठेवल्या तरी कॅमेऱ्यासारख्या उपकरणात प्रोसेस आयडीचा काही उपयोग नाही, कारण तिथे प्रोग्राम नेहमी त्याच क्रमाने सुरू होतात आणि स्ट्रीमिंगच्या प्रोसेसला दर वेळी तोच क्रमांक मिळण्याची शक्यता मोठी असते. अशा सर्व गोष्टी एकत्र करून त्यांवर एमडी५ सारखे हॅश (कोणत्याही माहितीवरून ठरावीक लांबीचा आकडा काढणारे सूत्र) चालवण्याची रीतही जुनी आहे. आरएफसी ३५५० च्या परिशिष्टात वेळ, प्रोसेस आयडी, यजमान यंत्राची माहिती, वापरकर्त्याचा क्रमांक असे बरेच काही एमडी५ मधून काढून एसएसआरसी बनवणारा नमुना कोड दिलेला आहे. त्या काळी प्रत्येक प्रणालीवर भरवशाचा रँडम स्रोत असेलच असे नव्हते, म्हणून तो नमुना योग्यच होता. हॅशमुळे आकडा सर्व बत्तीस बिटांत पसरलेला दिसतो. पण आत गेलेल्या शक्यता दहा लाख असतील तर बाहेर येणाऱ्या शक्यताही फार तर दहा लाखच असतात.

आता मॅक पत्त्याविषयी. सीड म्हणून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता वापरावा ही सूचना नेहमी पुढे येते आणि तिच्यात तथ्य आहे, कारण दोन उपकरणांचे पत्ते वेगळे असतात आणि वर सांगितलेली सभागृहातली टक्कर त्यामुळे टळली असती. परंतु इथे वेगळेपणा आणि अनपेक्षितपणा या दोन गुणांत फरक केला पाहिजे. नाशिककरांना हा फरक नाशिकरोडच्या नोट प्रेसच्या उदाहरणाने चटकन कळेल. तिथे छापल्या जाणाऱ्या नोटांवरचे क्रमांक ओळीने पडतात. एका मालिकेतल्या दोन नोटांचा क्रमांक एक नसतो, पण कोऱ्या बंडलातली वरची नोट पाहिली की तिच्याखालच्या नोटेचा क्रमांक कोणीही सांगेल. नोटेच्या बाबतीत यात काही बिघडत नाही, कारण नोटेची सुरक्षा क्रमांक गुप्त असण्यावर अवलंबून नसते. मॅक पत्त्याचे तसेच आहे. त्याच्या सहा बाइटांपैकी पहिले तीन साधारणपणे उत्पादकाला दिलेले असतात, तेव्हा कॅमेऱ्याची कंपनी ओळखता आली की १,६७,७७,२१६ शक्यता उरतात, आणि तेवढ्या सगळ्या तपासून पाहणे साध्या लॅपटॉपला मुळीच जड नाही. शिवाय त्याच स्थानिक नेटवर्कवर बसलेल्या माणसाला तो पत्ता विचारण्याचीही गरज नसते, तो प्रत्येक फ्रेमवर लिहिलेला असतो.

मॅकमुळे आणखी दोन अडचणी येतात. सीड कायम तेच राहिल्याने उपकरण दर वेळी सुरू झाल्यावर तोच एसएसआरसी, तोच पहिला अनुक्रमांक निवडते, आणि समोरच्या रेकॉर्डरला जुनीच स्ट्रीम चालू आहे की नवी सुरू झाली हे कळत नाही. तसेच एकाच उपकरणात चित्राची आणि आवाजाची प्रोसेस वेगळी असून दोघींनी मॅकवरून सीड घेतले, तर दोघींचा क्रमांक एकच निघतो. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या सत्रांत असतील तर हे खपून जाते. पण ब्राउझरमधल्या थेट संवादासाठीच्या वेबआरटीसीमध्ये दोन्ही बहुधा एकाच पोर्टवरून, एकाच सत्रात जातात आणि तिथे हे खपत नाही. खासगीपणाचा प्रश्न वेगळाच. आरटीपीमध्ये एसएसआरसीपेक्षा दीर्घकाळ टिकणारे सीनेम हे नाव असते. २०११ च्या आरएफसी ६२२२ मध्ये ते मॅकसारख्या गोष्टींवरून बनवण्याची मुभा होती, आणि २०१३ च्या आरएफसी ७०२२ मध्ये अल्पकाळापुरत्या सीनेमसाठी किमान ९६ रँडम बिट घेण्याची शिफारस आली. माझ्या मते हा बदल योग्य दिशेचा होता. उपकरणाची ओळख आणि स्ट्रीमची ओळख यांची गल्लत करू नये.

क्रमांक ओळखता आला तर काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. एसएसआरसी स्वतः गुप्त नसतो, तो पॅकेटवर उघडाच असतो. पण त्याच जनरेटरमधून पुढे जे जे निघते ते सगळे गुप्त ठेवायचे असू शकते. आरटीएसपी, म्हणजे स्ट्रीम सुरू-बंद करण्याच्या सूचना नेणारा प्रोटोकॉल, घ्या. एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२६ मध्ये सत्राचा ओळखक्रमांक रँडम असावा आणि किमान आठ बाइट लांब असावा असे बंधन आहे, आणि कारणही दिले आहे की तो ओळखणे अवघड व्हावे. काही सर्व्हर बत्तीस बिटांचा रँडम आकडा सोळाच्या पायात आठ अक्षरांत लिहितात. अक्षरशः पाहिले तर अट पूर्ण झाली, लांबी आठ बाइट भरली. आतली अनिश्चितता मात्र बत्तीस बिटांचीच राहिली, आणि सीड वेळेवरून घेतलेले असेल तर ती वीस बिटांवर आली. तो क्रमांक ओळखणारा माणूस दुसऱ्याचे सत्र बंद पाडू शकतो. हीच गोष्ट खासगी कार्यक्रमाच्या दुव्याची. आमच्याकडे लग्नाचे थेट प्रक्षेपण परदेशातल्या नातेवाइकांना पाहता यावे म्हणून लांबलचक दुवा पाठवण्याची पद्धत आहे आणि तो दुवा हेच त्या प्रक्षेपणाचे कुलूप असते. दुव्यातला यूयूआयडी (एकशे अठ्ठावीस बिटांचा ओळखक्रमांक) चौथ्या, म्हणजे रँडम, प्रकारचा असेल तर त्यात १२२ रँडम बिट असतात, परंतु तो बनवणाऱ्या जनरेटरला बत्तीस बिटांचे सीड दिलेले असेल तर जगात असे फक्त ४२९ कोटी दुवे संभवतात, आणि कार्यक्रमाची वेळ पत्रिकेवर छापलेली असल्याने वेळेवरून घेतलेले सीड त्याहूनही फार लवकर सापडते.

सर्वांत गंभीर परिणाम कूटबद्ध स्ट्रीमवर होतो. मार्च २००४ च्या आरएफसी ३७११ मधल्या एसआरटीपीत, म्हणजे आरटीपीच्या कूटबद्ध रूपात, प्रत्येक पॅकेटसाठी एक कीस्ट्रीम (मजकूर झाकण्यासाठी त्याच्याशी एक्सऑर केली जाणारी बिटांची मालिका) तयार होते आणि ती गुप्त की, एसएसआरसी आणि पॅकेटचा क्रम यांवरून ठरते. एका बैठकीतल्या सर्वांना एकच मास्टर की दिलेली असेल आणि दोन प्रेषकांचा एसएसआरसी व अनुक्रमांक जुळला, तर दोन वेगवेगळ्या पॅकेटांवर तीच कीस्ट्रीम चढते. मग त्या दोन पॅकेटांचा एक्सऑर केला की कीस्ट्रीम निघून जाते आणि मागे दोन मूळ मजकुरांचा एक्सऑर उरतो, ज्यातून बरेच काही वाचता येते. सभागृहातल्या कॅमेऱ्यांत नेमके हेच जुळले होते. डीटीएलएस या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलवरून प्रत्येक जोडणीची स्वतंत्र की ठरत असेल तर हा धोका टळतो, परंतु छोट्या बसवणुकींत हाताने टाकलेली एकच की सर्वत्र वापरण्याची सवय मी पाहत आले आहे.

सीडने घात केल्याची उदाहरणे स्ट्रीमिंगच्या बाहेरही भरपूर आहेत आणि ती प्रत्येक अभियंत्याला माहीत असावीत. १९९५ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवले की नेटस्केप ब्राउझर आपल्या सुरक्षित जोडणीचे सीड वेळ, प्रोसेस आयडी आणि पालक प्रोसेसचा आयडी यांवरून घेत होता. म्हणजे आजही आपल्याकडे लिहिली जाते जवळजवळ तीच ओळ. त्याच यंत्रावर खाते असलेल्याला दोन्ही आयडी दिसत असल्याने शोधायचे उरत ते फक्त मायक्रोसेकंद. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीमधून एका दुरुस्तीत काही ओळी गेल्या आणि मे २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत तिथल्या जनरेटरला बदलते असे केवळ प्रोसेस आयडीचे सीड मिळत राहिले. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या फक्त ३२,७६८ की संभवत होत्या. २०१२ मध्ये नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या सार्वजनिक की गोळा करून तपासल्या, तेव्हा टीएलएस (सुरक्षित वेब जोडणी) वापरणाऱ्या यजमान यंत्रांपैकी अर्ध्या टक्क्याच्या खासगी की नुसत्या गणिताने काढता आल्या. दोष मुख्यतः राउटर आणि फायरवॉलसारख्या उपकरणांत होता, जी पहिल्यांदा सुरू होताच, अजून कोणतीही अनिश्चितता गोळा झालेली नसताना, की बनवत होती. आमचा बॅटरीविना कॅमेरा याच कुळातला.

तेव्हा सीड घ्यावे कोठून? लिनक्सवर याचे उत्तर आता सरळ आहे: कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या ३.१७ या आवृत्तीपासून गेटरँडम हा सिस्टिम कॉल उपलब्ध आहे. कर्नलने गोळा केलेल्या अनिश्चिततेचा साठा एकदा पुरेसा भरेपर्यंत तो थांबवून ठेवतो आणि नंतर कधीही थांबवत नाही. हे थांबणे अनेकांना खुपते, कॅमेरा उशिरा सुरू होईल म्हणून तक्रार होते, आणि मग कोणीतरी न थांबणारा जुना मार्ग, म्हणजे डेव्ह यूरँडम, वापरतो, जो जुन्या कर्नलवर साठा भरण्याआधीही आकडे देऊन मोकळा होतो. माझे मत स्पष्ट आहे: जिथे बत्तीस बिटांचा क्रमांक हवा आहे तिथे प्रोग्रामने थांबावे. शिवाय ५.४ या आवृत्तीपासून कर्नल प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांवरून स्वतःच साठा भरून घेते, त्यामुळे ही प्रतीक्षा बहुधा जाणवतही नाही. खरी अडचण आहे ती ३.१७ पूर्वीच्या कर्नलवर अडकलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांची. तिथे बंद होण्यापूर्वी काही रँडम बाइट फाइलमध्ये जतन करून पुढच्या वेळी ते कर्नलला परत द्यावेत, वापरताच ती फाइल नव्या बाइटांनी पुन्हा लिहावी, आणि कारखान्यात प्रत्येक नगावर पहिल्यांदा वेगळी फाइल टाकावी. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. एका नगावर तयार झालेली डिस्क इमेज जशीच्या तशी बाकीच्या सर्वांवर उतरवली, तर त्या इमेजमधली सीडची फाइलही सर्वांना सारखीच जाते. क्लाउडमधल्या सर्व्हरांच्या प्रतींबाबतही हेच होते. म्हणूनच २०२२ मधल्या ५.१८ या आवृत्तीपासून लिनक्स कर्नल, आभासी यंत्राची प्रत निघाल्याचे यजमानाने कळवताच, आपला जनरेटर नव्याने भरून घेते.

फोर्कचा, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करण्याचा, विचारही इथेच करावा. मुख्य प्रोसेसमध्ये जनरेटर एकदा तयार करून मग प्रत्येक जोडणीसाठी फोर्क करणारा सर्व्हर आपल्या सर्व अपत्यांना जनरेटरची तीच अवस्था वारशाने देतो, आणि मग प्रत्येक अपत्याचा पहिला रँडम आकडा सारखा निघतो. सीड कितीही उत्तम असले तरी इथे उपयोग नाही. अपत्याने स्वतः पुन्हा कर्नलकडे मागितले पाहिजे.

खरे तर एसएसआरसीसाठी आपल्या हातात जनरेटर ठेवण्याचेच कारण नाही. एका स्ट्रीमला लागतात दहा बाइट: चार एसएसआरसीचे, दोन अनुक्रमांकाचे, चार टाइमस्टॅम्पचे. ते थेट कर्नलकडून घ्यावेत, सीडचा प्रश्नच उरत नाही. सी भाषेतल्या रँड या फंक्शनपासून तर दूरच राहावे. सीड न देता ते वापरले तर ते सीड १ दिल्यासारखेच वागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत त्याची कमाल किंमत ३२,७६७ म्हणजे अवघे पंधरा बिट आहे. गो भाषेतले मॅथ रँड हे पॅकेजही फेब्रुवारी २०२३ मधली १.२० आवृत्ती येईपर्यंत, सीड न दिल्यास, दर वेळी तीच मालिका देत असे. मर्सेन ट्विस्टर या प्रचलित जनरेटरची अवस्था १९,९३७ बिटांची असते म्हणून तो सुरक्षित वाटतो. त्याला एकाच बत्तीस बिटांच्या आकड्याने सुरू केले तर त्या सगळ्या विस्ताराचा लाभ मिळत नाही, आणि त्याचे सलग ६२४ आकडे पाहणाऱ्याला पुढचे सगळे सांगता येतात. इंजिनीअरिंगची मुले प्रकल्पासाठी ईएसपी३२ या चिपवर कॅमेरा जोडतात, त्यांच्यासाठी एक सूचना: त्या चिपमधला हार्डवेअर रँडम जनरेटर वायफाय किंवा ब्लूटूथ सुरू असताना भरवशाचा असतो, म्हणून क्रमांक रेडिओ सुरू झाल्यावर निवडावा.

ठरावीक सीडचा एक उपयोग मात्र मला मोलाचा वाटतो, तो म्हणजे चाचणीसाठी. पॅकेट हरवण्याचे, उशिरा येण्याचे, अनुक्रमांक ६५,५३५ वरून शून्यावर फिरण्याचे प्रसंग पुन्हा जसेच्या तसे घडवायचे असतील तर सीड आपल्या हातात असावे लागते. त्यासाठी क्रमांक निवडणारे फंक्शन बाहेरून देता येईल अशी रचना करावी आणि चाचणीचे फंक्शन चाचणीच्याच कोडमध्ये ठेवावे. एखाद्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगने) सीड ठरवण्याची सोय मुख्य प्रोग्राममध्ये ठेवू नये, कारण चाचणीच्या यंत्रावरची सेटिंगची फाइल केव्हातरी ग्राहकाकडे जातेच.

कॅमेरे विकत घेताना विक्रेत्याला हे सगळे विचारत बसण्यापेक्षा एक सोपी तपासणी स्वतः करता येते, आणि कोणतीही मोठी बसवणूक हाती घेण्यापूर्वी ती करावी असा माझा आग्रह असतो. एकाच मॉडेलचे जितके नग मिळतील तितके एका विस्तार-बोर्डवर लावावेत, त्यांचे नेटवर्क इंटरनेटपासून तोडावे म्हणजे घड्याळ बाहेरून लागणार नाही, आणि बोर्डाचे एकच बटण दाबून सर्वांना एकदम वीज द्यावी. प्रत्येकाचे पहिले आरटीपी पॅकेट पकडून त्यातला एसएसआरसी, अनुक्रमांक आणि टाइमस्टॅम्प वहीत तक्त्याने उतरवावा, प्रत्येक कॅमेऱ्याला एक स्तंभ आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. बोर्ड बंद करून हेच पुन्हा पुन्हा करावे. एका स्तंभात खाली किंवा एका ओळीत आडवे कोणतेही दोन एसएसआरसी जुळले, तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. एसएसआरसीचा सर्वांत वरचा बिट सर्व नोंदींत शून्यच दिसला, तर आत एकतीस बिटांचे रँड वापरलेले असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर सीड कोठून येते ते विक्रेत्याकडून लेखी मागावे आणि उत्तर येईपर्यंत ऑर्डर रोखून धरावी.